दुसरा आवाज

(खोनकेनमधल्या एका मोठ्या इस्पितळात, मुतखड्यांच्या शस्त्रक्रियागृहाला लागून असलेली खोली. भिंतीवर क्ष-किरणांपासून बचावासाठी घालायचे शिशाचे जड एप्रन टांगलेले आहेत. दुपारचे बारा. वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी नदीपलीकडून, लाओसहून आलेला डॉ. विलायसाक आपल्या गुरूंशी बोलतो आहे; त्यांना इथे सगळे ‘आचान’ म्हणतात.)

विलायसाक : ...म्हणून पुन्हा विचारतो, आचान. साठ शस्त्रक्रियांची अट होती. माझ्या त्रेसष्ट झाल्या. आता प्रमाणपत्रावर फक्त तुमची सही राहिली आहे.

आचान : आधी हा एप्रन उतरवून घे. एकतीस वर्षं हे शिसं वागवतोय, खांद्यांचा पार भुगा झालाय.

विलायसाक : द्या.

आचान : सही होईल रे. पळून चाललीय का ती? पुढच्या महिन्यात बघू.

विलायसाक : ऑक्टोबरातही तुम्ही हेच म्हणालात.

आचान : मग? ऑक्टोबरात उपाशी ठेवलं का तुला? लमाई रोज टोपलीभर चिकट भात आणते तो कोण खातं?

विलायसाक : तसं नाही, आचान. आमच्या सवान्नखेतला यंत्र येऊन पडलं आहे, अजून खोक्यातच. पाठीतून वाट काढून मूत्रपिंडातला खडा फोडणारा एकही माणूस तिथे नाही. नर्स त्या खोक्यावर कापड अंथरून जेवतात. वाट पाहणाऱ्यांच्या यादीत एक्केचाळीस नावं आहेत. मी निघालो तेव्हा त्रेचाळीस होती. ती दोन माणसं बरी होऊन घरी गेलेली नाहीत.

आचान : म्हणजे मी तुला अडकवून ठेवलंय.

विलायसाक : मी तसं म्हटलं नाही.

आचान : म्हण की. तोंड आहे ना?

विलायसाक : तुमच्यासमोर ते उघडत नाही.

लमाई : (भाताची टोपली घेऊन आत येत) जेवायला बसण्याआधी माझं ऐका, आचान. मीठवाली आजी परत आलीय.

आचान : कोण मीठवाली? लमाई, एवढी वर्षं नर्सगिरी केलीस, पेशंटची नावं लक्षात ठेवायला कधी शिकणार?

लमाई : नावं तुम्हाला कुठे आठवतात? खाऱ्या मातीचं पाणी उकळून मीठ करते ती. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या मूत्रपिंडातला खडा काढला आपण. सकाळी थडथड उडत होती, अंग नुसतं भाजत होतं. मूत्रपिंड तुंबलं होतं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी नळी घालून वाट करून दिली, आता ताप उतरतोय.

आचान : तुंबलं कशानं?

लमाई : खडा आहे. नऊ मिलिमीटर. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातून घसरून मूत्रनळीच्या तोंडाशी बसलाय.

आचान : शक्य नाही. शेवटी मी स्वतः क्ष-किरणांचा पडदा पाहिला होता. ‘स्वच्छ’ म्हणालो होतो.

लमाई : म्हणालात. मग हे डॉक्टरही ‘स्वच्छ’ म्हणाले. दोन आवाज आले म्हणून मी नोंद केली. नियम तुमचाच आहे, एका आवाजावर मी लिहीत नाही.

आचान : मग खडा नवा असेल.

लमाई : तीन आठवड्यांत? आजी मीठ पिकवते, आचान, खडे नाही.

आचान : विलायसाक, तुला दिसला होता?

विलायसाक : खालच्या कोपऱ्यात सावली होती. चिंचोक्याएवढी.

आचान : आणि तरी तू ‘स्वच्छ’ म्हणालास.

विलायसाक : तुम्ही म्हणालात म्हणून. पहिल्या वेळी मला खरंच वाटलं, की तुमच्या नजरेला जे कळतं ते मला अजून कळत नाही.

आचान : पहिल्या वेळी?

लमाई : आता अर्ध्यावर थांबू नका, डॉक्टर.

विलायसाक : ही चौथी वेळ, आचान. आधीच्या तिघांत तुकडे बारीक होते. तुम्ही हात धुवायला गेलात की मी पुन्हा दुर्बीण घालून ते काढत असे.

लमाई : आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. मीही काही धुतल्या तांदळाची नाही.

आचान : मग आजीच्या वेळी काय झालं?

विलायसाक : त्या दिवशी पाहुणे डॉक्टर आले होते. तुम्ही शेवटपर्यंत तिथेच उभे होतात. पुन्हा दुर्बीण घालणं म्हणजे तुम्हाला दिसलं नाही, असं चारचौघांत सांगणं झालं असतं.

आचान : भीड.

विलायसाक : नुसती भीड असती तर मी झोपू शकलो असतो. मला सहीही हवी होती. तुम्ही दुखावलात तर ती गेली असती, आणि तुमच्या डोळ्यांचं बाहेर कळलं तरी गेली असती. बोलायचं होतं तो एक क्षण मी स्वतःसाठी राखून ठेवला, आणि आजी तो तीन आठवडे पोटात घेऊन फिरली.

आचान : दिवा समोर आला की सगळ्यावर दूध सांडल्यासारखं होतं मला. शिशाचा चष्मा नाकावर टोचतो म्हणून मी कधी लावला नाही, तुम्हा पोरांना मात्र त्यावरून झापत आलो. आणि सहीचं म्हणशील तर... तू गेलास की तुझ्या जागी दुसरा येणार. तो पहिल्याच दिवशी तोंडावर सांगेल, अशी धास्ती होती.

लमाई : मग आजीला काय सांगायचं? खाली लेक बसलीय तिची.

विलायसाक : जे झालं ते. मी जाऊन सांगतो. आणि लमाईताई, उद्याच्या यादीत तिघे आहेत. ती यादी थांबवा.

लमाई : कुणाच्या सांगण्यावरून?

विलायसाक : माझ्या.

लमाई : कारण लिहावं लागतं.

विलायसाक : आचानांना पडद्यावर नीट दिसत नाही, असं लिहा. खाली माझं नाव घाला.

आचान : थांब. तो कागद आण आधी. संध्याकाळपर्यंत मीच इथला प्रमुख आहे. आत्ता सही करतो, मग डोळे दाखवायला जातो. निदान तू तरी सुटशील.

विलायसाक : कागद खिशातच आहे. सहीच्या वर काय छापलं आहे ते वाचू? ‘या सर्व शस्त्रक्रिया मी समक्ष उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.’

आचान : पेन दे.

विलायसाक : कधीपासून, आचान?

आचान : काय कधीपासून?

विलायसाक : दूध सांडल्यासारखं.

आचान : सोंगक्रानपासून. नव्या वर्षाचं पाणी उडवत होते रस्त्यात, मला वाटलं डोळ्यांत पाणी गेलं असेल.

विलायसाक : म्हणजे एप्रिल. लमाईताई, एप्रिलपर्यंत माझ्या किती झाल्या होत्या?

लमाई : बघायला नको, मला पाठ आहे. चौदा.

आचान : अरे, चौदावर तुला कोण सोडणार? नवा प्रमुख येईल, तो सुई कशी धरायची इथपासून सुरुवात करायला लावेल. आणखी एक वर्ष जाईल, कदाचित दोन. कर विचार.

विलायसाक : केला.

आचान : आणि तुझ्या इस्पितळाला काय तोंड दाखवणार? काय कळवणार त्यांना?

विलायसाक : चौदा झाल्या, असं कळवतो.