मांडीखाली हात

भगवंत : हनीफमिस्त्री, बॅटरीवाल्यानं फसवलं मला! नवी कोरी, आन् दोन म्हैन्यांत तिसऱ्यांदा मेली. येडगावपासनं गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली तुमच्या गॅरेजला.

वृषाली : चाचा, अकराला मंचरला माझी लायसनची ट्रायल आहे. आज हुकली तर शिकाऊ लायसनची मुदत संपते.

हनीफ : सरक पोरी. हां... बॅटरी चांगली हाय, उपाशी हाय नुसती. भगवंतराव, गाडी चालवता कशी?

भगवंत : काटकसरीनं! उतार दिसला, चावी बंद. एष्टी आडवी आली, बंद. कुणी रामराम घातला तरी बंद. पेट्रोलचा थेंब वाया नाय.

हनीफ : आन् दर खेपंला परत स्टार्टर! आवो, बॅटरी म्हंजी रांजण. स्टार्टर घागरीनं उपसतो, चालू इंजिन परत भरतं. तुमी नुसता उपसाच चालवलाय.

वृषाली : टीव्हीचं पण सांगा की, आण्णा.

भगवंत : गप गं!

हनीफ : टीव्ही?

वृषाली : लोडशेडिंग असलं की गाडीची बॅटरी काढून टीव्हीला जोडतात. अख्खी आळी मालिका बघायला येते.

भगवंत : तुझ्या आईसाठी करतो ते!

वृषाली : आई चुलीपाशी असते. उपरण्यानं डोळं कोण पुसतं?

हनीफ : वा राव! एका बॅटरीवर गाव रडवलं! डिकीत काय हाय?

भगवंत : दोन पोती बटाटं. वजनानं गाडी रस्त्याला धरून ऱ्हाती.

हनीफ : ते बटाटं पेट्रोल पित्यात! उतरवा. आन् ऐका, ही नव्या पद्धतीची गाडी हाय. उताराला गेअरमधी ठिवून पाय उचलला, की पेट्रोल आपोआप तुटतं.

भगवंत : कुणी न सांगता?

हनीफ : कुणी न सांगता.

भगवंत : आयला! माझ्यापरीस चिकट निघाली की!

हनीफ : माझ्या बॅटरीला वायर लावून चालू करून देतो. मंचरपत्तोर बंद करायची न्हाई. तवर एका स्टार्टपुरता रांजण भरल. एकाच, ध्यानात ठिवा.

(उताराला. वृषाली गाडी चालवतेय, भगवंत शेजारी.)

वृषाली : आण्णा, चावीवरचा हात काढा!

भगवंत : सवय गं. आपसूक जातो.

वृषाली : मांडीखाली घाला. दोन्ही.

भगवंत : घातलं. आता तुटलं आसंल का पेट्रोल?

वृषाली : तुटलं.

भगवंत : आवाज तर येतुया.

वृषाली : चाकंच फिरवतायत इंजिनाला.

भगवंत : काय डोकं लावलंय बनवणाऱ्यानं! मी नुसताच चाव्या पिळत बसलो... ट्रक, ट्रक! आरं वा. लई बेतानं काढलीस गं.

*

वृषाली : आण्णा, झाली ट्रायल. उघडा डोळं.

भगवंत : सायेब काय म्हणलं?

वृषाली : पहिलं हेच, गाडी बंद करून परत चालू कर.

भगवंत : मेलो! मग?

वृषाली : एका चावीत लागली. पास झाले मी!

भगवंत : भले शाब्बास! हनीफमिस्त्रीला पेढं नेऊ वाटंत.

वृषाली : नेऊ. तिकडून नाही, शेजारी बसा. घरी मीच नेते.

भगवंत : ने बाय. मी बसतो आपला हातावर.