मेंढ्यांच्या गल्लीतून या!

...नाही नाही, हसा, खुशाल हसा, सगळं गाव हसतंय तर तुम्ही तरी कशाला मागे राहताय? काल बेकरीतली ती पोरगी पाव हातात देताना म्हणते, "क्लेमकाका, बाहेर जायचा दरवाजा कुठला ते सांगू का?" मान खाली घातली, पाव घेतला आणि निघालो. दरवाजा चुकलो ते वेगळंच, कोठीत शिरलो! पण तुम्हाला सांगतो, मी कुणाचं वाईट करायला गेलो नव्हतो. मी तर गाणं ऐकायलाही गेलो नव्हतो हो! आणि ते गाणं तरी कसलं? हेवी मेटल! म्हणजे पत्र्याच्या छपरावर एक माणूस ट्रॅक्टर चालवतोय आणि दुसरा त्या ट्रॅक्टरखाली सापडलाय, असा तो आवाज. मी गेलो बायकोसाठी. लिनेटसाठी. बाई साठीला आली, मार्चमध्ये गुडघा बदलला, चर्चच्या विक्रीला मुरंब्याच्या बाटल्या लावते... आणि घरी भांडी घासताना हे ऐकते! हे! मोठ्याने! शेजारची कुत्री घर सोडून आमच्या गोठ्यात येऊन बसलीयेत, का तर तिथे आवाज कमी येतो.

तिचा तो बँड, 'विडोज फर्नेस', तरुणपणी ती त्यांच्यासाठी ॲडलेडला गेली होती, आणि ऐन वेळी कार्यक्रम रद्द झाला. मग लग्न झालं, माझ्याशीच, मग मुलं, मग मेंढ्या, मग दुष्काळ, मग गुडघा. आणि आता अचानक तेच बुवा, केस पांढरे झालेले, आमच्या गावच्या प्रदर्शनाच्या मैदानात येणार म्हणून कळलं! लिनेट त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली. मी म्हटलं, कांदा चिरतेस काय? तर समोर कांदा नव्हता. एवढं तिचं मन होतं त्यात. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी काय करून ठेवलं त्याची तुम्हाला नीट लाज वाटेल. मला तर वाटतेच आहे.

आता कापणीचे दिवस, मी धान्याच्या कोठारावर कामाला, सायलोवर, बार्लीचे ट्रक एकामागून एक. साहेबाचे पाय धरून अर्धी सुट्टी काढली. ठरलं असं, की तिने घरून यायचं, मी कामावरून परस्पर यायचं, आणि फाटकाशी भेटायचं. मी आलो तो कामाच्याच कपड्यांत. म्हणजे नारिंगी शर्ट, त्यावर चमकत्या पट्ट्या, छातीवर खिसा, खिशात पेन. आणि तिथे बघतो तर काय... सगळं काळं! तीन हजार माणसं, एकूणएक काळ्या कपड्यांत, कुणाच्या छातीवर कवटी, कुणाच्या पाठीवर बोकड, आणि मध्ये मी एकटा गाजरासारखा उभा. नुसता शर्ट काढायचा होता हो! पण आत बनियन, आणि बनियनला भोकं, आणि लिनेट येणार म्हणजे ते बघून बोलणार...

आणि फाटक? फाटक एक! तीन हजार माणसांना एक फाटक, त्यावर दोन पोरं, त्यातला एक तिकिटं बघतोय आणि दुसरा पहिल्याला विचारतोय, "अरे, आपल्याला जेवण देणार होते ना?" रांग रस्त्यावर गेलेली, रस्त्यावरून पुलावर, आणि पुलावर गेल्यावर ती रांग बिअरच्या रांगेत घुसलेली, त्यामुळे निम्म्या लोकांना आपण कशासाठी उभे आहोत हेच माहीत नाही! एक बाई मला म्हणाली, मी तासभर उभी राहून पोहोचले तर संडासात पोहोचले. म्हटलं, मग? म्हणाली, मग काय, जाऊन आले आणि परत मागे उभी राहिले.

हिने मला हे का सांगितलं? शर्ट! नारिंगी शर्ट बघून मला व्यवस्थेतला माणूस समजली! मला वाटलं गप्पा मारतेय, आणि ती तक्रार करत होती!

मग सुरूच झालं. "दादा, पाणी कुठे मिळेल?" "काका, अपंगांची जागा कुठली?" "ओ भाऊ, ही काय व्यवस्था आहे? लाज वाटत नाही?" अहो, मी म्हणतोय मी इथला नाही, तर एक कवटीवाला म्हणतो, "तेच तर! बाहेरगावची माणसं आणून उभी करतात!" पहिल्या दहांना मी खरं सांगितलं. पुढच्या दहांना नुसती मान हलवली. आणि मग... आता तुमच्यापासून काय लपवायचं... एकाने विचारलं गाडी कुठे लावू, आणि मी हात दाखवला. नुसता हात. आणि त्याने गाडी वळवली! आणि मागच्या तिघांनीही वळवली! तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं कोठारावर काम करतोय, घरी तीन मुलं वाढवली, एक कुत्रा पाळला, पण आजवर मी हात दाखवला आणि कुणी तिकडे गेलं, असं कधी झालं नव्हतं हो! डोक्यात गेलं ते. बारीकसं काहीतरी डोक्यात गेलं. "चला, चला, थांबू नका!" मीच बोललो हे! आवाजसुद्धा माझा नव्हता. माझ्या सासऱ्याचा होता.

आणि मग मला ती कल्पना सुचली. फाटकाच्या डाव्या अंगाला मेंढ्यांचे वाडे आहेत, प्रदर्शनाच्या वेळी तिथे मेंढ्या ठेवतात, आणि वाड्यांच्या मधून एक अरुंद गल्ली जाते, दोन्हीकडे लोखंडी कठडे, शेवटी एक छोटं दार, आणि दार उघडलं की थेट मैदान. दरवर्षी मी माझे मेंढे तिथूनच नेतो. मी म्हटलं, हे तर सोपं आहे! आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "मेंढ्यांच्या गल्लीतून या! इकडून या! मेंढ्यांच्या गल्लीतून!"

आले ना. शंभर आले, दोनशे आले, हसत आले, आभार मानत आले! "शाबास काका!" "एवढ्या सगळ्यांत एक तरी शहाणा माणूस!" माझी छाती अशी फुगली की पट्ट्या ताणल्या. नुसता शर्ट काढायचा होता हो...

मला काय माहीत, की त्या दिवट्या संयोजकाने गल्लीच्या त्या टोकाला, बरोबर त्या दाराला टेकवून, प्लास्टिकच्या संडासांची ओळ उभी केलीये!

पुढचे अडकले. मागचे येतायत, कारण मी पाठवतोय! "चला, पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे!" आतून ओरडा सुरू झाला. आता तुम्हीच सांगा, हेवी मेटलची माणसं, ती ओरडणारच ना? ओरडायलाच तर पैसे भरून आलेली! हात वर करतायत, किंचाळतायत... मला वाटलं उत्साह! मी हात हलवला. त्यांच्याकडे बघून हसलो आणि हात हलवला हो मी! ...हे अंथरुणात आठवतं ना, तर मी उशी तोंडावर घेतो.

तेवढ्यात त्या सगळ्या आरडाओरड्यात एक आवाज आला. ओरडणारा नव्हे. साधा. "क्लेम."

मला अशी हाक मारणारं एकच माणूस आहे. बघितलं तर लिनेट. कठड्याला चेपलेली. ती म्हणे फाटकाशी आली, मला शोधलं, मी दिसेना, आणि लोक म्हणाले की नारिंगी शर्टवाला मेंढ्यांच्या गल्लीतून जायला सांगतोय, तर ही बिचारी गेली! व्यवस्थेतला माणूस सांगतोय म्हणून गेली! एका हाताने कठडा धरलेला, नवा गुडघा कसाबसा वाकडा करून ठेवलेला, आणि दुसऱ्या हाताने तिने एका काडीसारख्या पोरीला सावरून धरलं होतं. पोरगी पांढरीफटक. ओठसुद्धा पांढरे. माझं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढता येईना.

लिनेट म्हणाली, "नारिंगी शर्टवाला... तू आहेस?"

मी वळलो आणि येणाऱ्या लोकांवर ओरडलो, "थांबा! मागे फिरा!" आणि नेमका त्याच क्षणी तिकडे बँड सुरू झाला. धडाम! आता माझं कोण ऐकतंय? गाणं सुरू झालं म्हटल्यावर लोक उलट धावत आले! मी हात हलवतोय मागे जा, मागे जा, त्यांना वाटतंय या, या! आत दाब वाढतोय, लिनेटची मान कठड्याच्या वर, तिच्या हातातल्या पोरीची मान खाली, आणि मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं मरू शकतात. माझ्या हाताने. गंमत नव्हती हो ती.

मग एक माणूस आला. हा एवढा! दाढी पोटापर्यंत, दंडावर सापांचं गोंदण, गॅव नाव त्याचं, हे मागाहून कळलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "काका, आता तुम्ही काही करू नका." बस. एवढंच. आणि त्याने मागे बघून शीळ घातली, तशी आणखी सात-आठ दाढीवाले आले, हातात हात घालून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि येणाऱ्यांना परतवायला लागले, आणि कसे परतवायला लागले म्हणता? "ताई, जरा मागे हं." "दादा, आत बाया अडकल्यात, दोन मिनिटं." छातीवर कवट्या आणि जिभेवर साखर! बाकीचे कठड्यावरून उड्या मारून पलीकडे धावले, संडासांकडे. एक उचलला, बाजूला केला. दुसरा उचलला, बाजूला केला. तिसरा उचलला तर आतून आवाज, "आहे! आत आहे कोणीतरी!" "असू दे!" म्हणाले आणि माणसासकट उचलला!

दार उघडलं. लोक हळूहळू मोकळे झाले. पोरीला गवतावर निजवलं, कुणी पाणी दिलं, कुणी बटाट्याचे वेफर्स चारले, पाच मिनिटांत ती उठून बसली आणि म्हणाली, "कितवं गाणं चाललंय?" लिनेट तिच्याशेजारी गुडघा चोळत बसलेली. माझ्याकडे बघत नव्हती.

आणि तुम्हाला खरी लाज सांगू? लोक माझी समजूत घालायला लागले! एकाने पाण्याची बाटली दिली. एक बाई म्हणाली, "तुमचा काही दोष नाही हो, तुमच्या साहेबांचा दोष आहे." दुसरा विचारतो, "काही शिकवलं तरी होतं का तुम्हाला? की सकाळी शर्ट दिला आणि उभं केलं?" गॅव म्हणाला, "गरीब माणसाला पुढे करतात आणि स्वतः गायब होतात!" मी पाणी पितोय, मान हलवतोय. सांगायला तोंड उघडायचो, की पुन्हा कुणीतरी पाठीवर थोपटायचं. नुसता शर्ट काढायचा होता हो, तेव्हा तरी!

इतक्यात तो तिसरा संडास उघडला आणि आतून कोण बाहेर आलं? संयोजक! कायरन त्याचं नाव, पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. लोक फाडून खायला उठले म्हणून तासभर आत कडी लावून बसला होता! त्याने गर्दी बघितली, गल्ली बघितली, मला बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हा कोण? माझी दोनच माणसं आहेत, ती फाटकावर. मी दुसरं कुणाला बोलावलंच नव्हतं."

सगळे माझ्याकडे वळले. ती पाणीवाली बाई, तो 'काही शिकवलं होतं का' विचारणारा, गॅव, ती पोरगी. मी म्हटलं, "मी... मी बार्लीच्या कोठारावर असतो."

आणि लिनेट गवतावरून म्हणाली, "माझा नवरा आहे."

कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं हो! गॅवने माझ्याकडे बघितलं, मग लिनेटकडे बघितलं, आणि तिला म्हणाला, "ताई, या, तुम्हाला पुढे जागा करून देतो." आणि तिला हाताला धरून घेऊन गेला. तिने एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही. तिचं जे आवडतं गाणं होतं, ज्यासाठी ती एवढी वर्षं थांबली, ते त्यांनी पहिलंच म्हटलं होतं. ते तिने कठड्याला चेपून, परक्या पोरीला धरून ऐकलं. मी आणि कायरन उरलो. त्याने विचारलं, "आता काय करायचं?" अरे, मला काय विचारतोस!

परतीच्या वाटेवर गाडीत मी म्हटलं, "लिनेट, चुकलं माझं." ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "गुडघा दुखतोय?" ती म्हणाली, "हो." मग आमचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "त्या पोरीने मला विचारलं, तुमचं लग्न झालंय का. मी आधी नाही म्हणणार होते." मी वळण घेतलं.

परवा मैदान समितीची सभा झाली. तो बँड पुढच्या वर्षी पुन्हा यायचं म्हणतोय, यावेळी नीट माणसं लावून. त्या दिवसानंतर समितीने गॅवला बोलावून घेतलं आणि गॅवने लिनेटला, ती आता समितीवर आहे. कामं वाटली गेली, आणि लिनेट उठून म्हणाली, "क्लेमला नाल्यापलीकडच्या शेतात पाठवावं. तिथे कोणी येत-जात नाही, तिकडे लक्ष ठेवायला एक माणूस लागेल." कशावर लक्ष ठेवायचं, ते तिने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले.

मग मीही केला.