चिंध्यांची वही माझी आहे

जबाब. दिनांक १७ मार्च २०१६, गुरुवार, सकाळी साडेदहा.

नाव नंदा मनोहर पाटसकर. वय अडुसष्ट वर्षे. शिक्षण मराठी दुसरी. धंदा घरकाम. राहणार पुणे. सध्या मुक्काम मुलगा चारुदत्त याच्या फ्लॅटमध्ये, टॅम्पिनीस, सिंगापूर.

मी आपल्यापुढे बसून, कुणी पढवले म्हणून नव्हे तर माझ्या मनाने, सांगते की, काल विमानतळावर माझ्या बॅगेतून एक वही काढून घेतली. तिला टाचलेल्या अकरा गोळ्या आणि चार रिकाम्या पुंगळ्या होत्या. ते सगळे माझे आहे. माझ्या मुलाने काल ते स्वतःचे आहे असे सांगून सही केली. ते तसे नाही. हे आधी लिहून घ्यावे, बाकीचे मागून. मी बोलायला लागले की फाटे फुटतात असे सूनबाई फोनवर नेहमी म्हणते, आणि ते खरे आहे.

मला इंग्रजी येत नाही. शेजारी दुभाषी शुभदाबाई बसल्या आहेत. त्या माझे बोलणे चौकशी करणाऱ्या साहेबांना सांगतात आणि साहेबांचे मला. मी म्हणते तसेच मराठीत उतरवावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. इंग्रजी त्या नंतर करून देणार आहेत.

मी सिंगापूरला पहिल्यांदाच आले. नात इरा हिच्यासाठी आले. इरा पंधरा वर्षांची आहे, चारुदत्त आणि अनघा यांची एकुलती एक. ती शाळेकडून पिस्तुलाचा नेम मारते, छऱ्याच्या पिस्तुलाचा. येत्या शनिवारी तिची स्पर्धा आहे. तिच्या आजोबांनी तिला शेवटचे पाहिले ते ती दहा वर्षांची असताना, आणि तेव्हा ती फक्त चित्रे काढायची. तरी पिस्तूल हातात घेतल्यावर मान कशी धरते ते मी फोनवर पाहिले, ती मान थेट त्यांची आहे. मी शेजारच्या चार घरांत सांगून आले. साहेब म्हणतात हे जबाबात नको. मी म्हटले, राहू द्या, मी आले कशाला ते यात आहे.

माझे यजमान मनोहर हे पुण्यात एका शूटिंग क्लबमध्ये हत्यारे दुरुस्त करायला होते. क्लबच्या परवान्यावर ते सभासदांची पिस्तुलाची काडतुसेही भरून देत. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी परत वापरायची, तिच्यात नवी पावडर आणि तोंडाशी नवी गोळी. ते काम क्लबच्या खोलीत कुलपाआड होई. घरी पावडर कधी आली नाही. घरी यायचा तो धूर, त्यांच्या कपड्यांतून. मी शर्ट धुतला की बादलीतले पाणी काळे होई आणि त्यांना सकाळी अर्धा तास खोकला येई. क्लबची खोली बंद, खिडकी एक.

सन १९७३ मध्ये डॉक्टरांनी त्यांचे रक्त तपासून घेतले आणि अंगात शिसे गेले आहे म्हणाले. चारुदत्त तेव्हा एक वर्षाचा होता. रांगत दारापर्यंत जायचा आणि वडील आले की बोटे तोंडात घालायचा, त्यांची. मी त्या दिवसापासून बाहेरच्या नळावर बादली आणि साबण ठेवला. आंघोळ केल्याशिवाय पोराला हात लावायचा नाही. ते हसायचे, पण ऐकायचे.

ते म्हणाले, नंदा, आता दुसरी पावडर बघतो, कमी धुराची. मी म्हटले, बघा. महिन्याने म्हणाले, ही चांगली आहे. मी म्हटले, कशावरून. तुम्हाला सगळेच चांगले वाटते, परवाची भाजीही चांगली वाटली होती. तेव्हा त्यांनी पिस्तूल पुसलेली चिंधी आणून दाखवली. पिस्तुलाची नळी आतून पुसायला मीच जुन्या धोतराच्या दोन बोटे चौकोनी चिंध्या कापून देत असे. मी म्हटले, आता दर पावडरीची एक चिंधी मला हवी. आकडे मला कळत नाहीत, काळे-पांढरे कळते. तशी ती वही झाली.

वहीत लिहिलेले काही नाही, कारण लिहायचे ते मला येत नव्हते. दर पानावर एक चिंधी टाचली आहे आणि त्या वेळी जी गोळी वापरली तसली एखादी कोरी गोळी दोऱ्याने बांधली आहे. एक पावडर पूर्ण जळायची नाही, चिंधीला चहाच्या भुकटीसारखे कण लागायचे. एक जळायची पण काजळी धरायची. एकीची चिंधी राखेच्या रंगाची, तेवढीच. पण नुसती पावडर बदलून भागत नाही हे दोन वर्षांनी लक्षात आले. गोळी उघड्या शिशाची असली आणि वरून चरबीचे वंगण असले तर पावडर कितीही चांगली घ्या, धूर होतोच. मग तांब्याचे पाणी दिलेल्या गोळ्या आल्या. त्यातही काहींचे बूड उघडे असे, आणि आग लागते ती बुडालाच. ते माझ्या लक्षात आले, त्यांच्या नाही. मी म्हटले, पातेल्याला कल्हई आतून लावून बुडाकडून जाळ दिला तर बुडाचे काय होते. ते दुसऱ्या दिवशी बूडसुद्धा मढवलेल्या गोळ्या शोधायला लागले. शेवटच्या पानावरची चिंधी तुम्ही पाहा, ती जवळजवळ तशीच आहे, धुवून वाळत घातल्यासारखी.

माझे यजमान सन २०११ मध्ये गेले. छातीचे दुखणे होते. त्याबद्दल साहेबांनी विचारलेले नाही.

विचारल्यावरून सांगते की, इराने मला काहीही आणायला सांगितले नाही. जानेवारीत ती फोनवर म्हणाली, आजी, छऱ्यांनी बोटे काळी होतात. मी म्हटले, ते शिसे आहे, हात धुतेस का. ती म्हणाली, धुते लाह, इकडची मुले बोलण्याच्या शेवटी लाह लावतात. पुढे म्हणाली की दोन वर्षांनी कोच तिला खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलावर घेणार आहेत, तर कमी धुराची काडतुसे कोणती, आजोबा काय वापरायचे. एवढेच तिने विचारले. मला त्या रात्री झोप आली नाही, आनंदाने म्हणा किंवा कशाने म्हणा. अशा गोष्टी फोनवर सांगून कळत नाहीत. चिंधी डोळ्यांनी बघावी लागते. म्हणून मी वही घेतली.

विचारल्यावरून सांगते की, मी वही लपवली नाही. बॅग उघडली की वरच होती, मेतकुटाच्या डब्याशेजारी, इराच्या परकराच्या कापडात गुंडाळून. पावडर विमानात नेऊ नये हे मला ठाऊक आहे. पावडर आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी नाही तर ते काडतूस नव्हे, नुसता धातू, असे यजमान म्हणायचे, आणि मीही चाळीस वर्षे तेच धरून चालले. पुंगळ्या उडवलेल्या आहेत, मी त्या चिंचेच्या पाण्यात उकळून घासल्या. निघण्याआधी दोनदा मोजल्या आणि मागून टोपी फुटलेली आहे ना ते नखाने पाहिले. मी फार काळजी घेतली असे मला वाटत होते. इथे गोळीचा नुसता तुकडासुद्धा परवान्याशिवाय चालत नाही हे मला काल कळले.

विमानात एक कार्ड भरायचे होते. ते शेजारच्या भल्या माणसाने भरून दिले. त्याने हिंदीत विचारले, माताजी, कोई हथियार तो नहीं. मी नाही म्हटले. माझ्याकडे हत्यार नव्हते. त्या माणसाचा यात काही दोष नाही.

काल सकाळी विमानतळावर बॅग यंत्रातून गेली आणि मला बाजूला बसवले. दोघीजणी माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. मी फक्त ‘सन’, म्हणजे मुलगा, म्हणत राहिले आणि बाहेर बोट दाखवले. मग चारुदत्तला आत आणले. त्याने वही पाहिली. माझ्याकडे पाहिले. मग तो त्यांच्याशी बराच वेळ बोलला आणि सही केली. मला म्हणाला, आई, झाले, चल. मला वाटले, खरेच झाले.

घरी गेल्यावर अनघा स्वयंपाकघरात रडत होती आणि नळ सोडून ठेवला होता, ऐकू येऊ नये म्हणून. इराने मला सांगितले. बाबांनी वही आपली आहे असे लिहून दिले. कॉलेजात असताना छंद म्हणून केली, आत काय आहे ते न सांगता आईला बॅगेत घालायला लावली, असे. त्यांचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज ऑफिसात पडून आहे, तो आता गेला, आणि बहुतेक नोकरीचा पासही जाईल. इरा म्हणाली, आपल्याला परत जावे लागेल, आजी.

मी चारुदत्तला म्हटले, असे का केलेस. तो म्हणाला, तुला कोठडीत बसवू का. मी म्हटले, तू क्लबच्या खोलीत पाऊल टाकले नाहीस कधी त्या, तुला काय माहीत वहीतले. तो म्हणाला, आई, वकील बघतोय, तू यात पडू नकोस. मी म्हटले, मी यात पडलेलीच आहे, तू वर येऊन पडलास.

आज सकाळी तो वकिलाकडे गेला तेव्हा मी इराला म्हटले, काल ज्यांनी वही घेतली त्या लोकांकडे मला ने. ती म्हणाली, आजी, कान्ट लाह, बाबा विल किल मी. मी म्हटले, बाबाला मी बघते. आम्ही बसने आलो. बसमध्ये तिने माझा हात धरला होता. तिचा हात स्वच्छ होता, मी पाहिला.

साहेबांनी विचारले की, वही तुमची आहे हे मी कशावरून मानू, आई मुलासाठी काहीही बोलते. मी म्हटले, बरोबर आहे. वही तुमच्याकडे ठेवा, मिटलेली, आणि कोणतेही पान विचारा. साहेबांनी चौथे पान विचारले. मी सांगितले, हिरवा दोरा, टाका तिरका, कारण त्या दिवशी सुई बोथट होती; चिंधीला न जळलेले कण; गोळी उघड्या शिशाची, बुडाशी दात लावल्यासारखी खूण, ती पकडीची आहे. साहेबांनी पान उघडून पाहिले. सातवे विचारले, मी सांगितले. नववे विचारले, मी सांगितले, त्यात चिंधी नाही, ती उंदराने नेली.

तेवढ्यात चारुदत्त वकिलाला घेऊन इथे आला, अनघाने कळवले असावे. साहेबांनी त्याला आत बोलावून एकच विचारले की, हिरव्या दोऱ्याचा अर्थ काय. तो म्हणाला, हिरवा म्हणजे चांगली पावडर, कमी धूर. शुभदाबाईंनी मला ते सांगितले. मी म्हटले, हिरवा सगळ्यांत वाईट. हिरवे ब्लाउज मला मुळीच आवडत नव्हते, त्याचा दोरा मी वाईटाला लावला. चांगल्याला पांढरा दोरा, आणि तो चिंधीवर दिसतसुद्धा नाही, तीच तर खूण आहे.

चारुदत्त म्हणाला, आई, गप्प बस ना. मी म्हटले, तू बाहेर बस, खुर्ची आहे. तो गेला.

साहेबांनी मला नीट समजावून सांगितले की, हा जबाब दिल्यावर गुन्हा माझ्यावर येईल. खटला होऊ शकतो, शिक्षा होऊ शकते, परत या देशात येऊ देणार नाहीत असेही होऊ शकते. पासपोर्ट त्यांच्याकडे राहील. हे मला शुभदाबाईंनी दोनदा मराठीत सांगितले. मला समजले आहे. शनिवारी स्पर्धेला जाता येईल का असे मी विचारले. साहेब म्हणाले, आज सांगता येत नाही.

मुलाने खोटे सांगितल्याबद्दल त्याचे काय, असेही मी विचारले. साहेब म्हणाले, त्याची नोंद वेगळी होईल, पण वस्तू त्याची नाही हे आता दिसते, आणि ते वर लिहून पाठवतो.

हा जबाब शुभदाबाईंनी मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी ‘मुलगा चारुदत्त याने खोटी माहिती दिली’ असे लिहिले होते. ते मी बदलायला सांगितले. साहेब म्हणाले, ते खरे आहे, बदलता येत नाही. मी म्हटले, मग खोडू नका, पण त्याच्यापुढे लिहा की, त्या वेळी त्याची आई बाकावर एकटी बसली होती आणि तिला तिथली भाषा येत नव्हती. ते लिहिले आहे. बाकी सगळे मी सांगितले तसेच उतरले आहे, कमी नाही, जास्त नाही.

सही करायला मला वेळ लागला. सही माझीच आहे.

नंदा मनोहर पाटसकर