सूटच्या आतला माणूस

हसा तुम्ही, पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ना! आमच्या लेकीला, सांचीला, जपानी सुपरहिरोंच्या मालिकांचं भारी वेड. मी नोकरीला आखातात, घरापासून लांब दुक्मला; तिथल्या बांधकामाच्या साइटवरून व्हिडिओ कॉलवर तिला पटवायचो, "नव्या मालिकेत सगळं कम्प्युटरचं गं. जुनी बघ, त्या रबराच्या सूटमध्ये खरा माणूस असायचा, घामाने भिजलेला!"

तिच्या वाढदिवसाला कशीबशी एका दिवसाची सुट्टी मिळाली. म्हटलं सरप्राइज देऊ. हिरोचा सूट भाड्याने घेतला आणि माबेला भागातल्या आमच्या घरात तसाच शिरलो. पोरांनी नुसता धिंगाणा घातला. बायको खुणावत होती, "अहो, काढा आता!" मी आपला उड्या मारतोय. म्हटलं, केक कापताना काढू. सकाळी तर परत निघायचं होतं.

तेवढ्यात सांचीने हेल्मेटवर टकटक केलं. हळूच म्हणाली, "अंकल, आत खूप हॉट होतं ना? तुम्ही घरी जा. माझे पप्पा नाही आले. तुमची मुलगी पण वेट करत असेल."

मी हेल्मेट काढलं. ती हसेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "पप्पा, मग मघाशीच का नाही आलात?"