लॉट ४७ च्या अहवालातील एरंडेल

नाव: पवित्रा योगीराज मगदूम. वय: २७ वर्षे. धंदा: नोकरी, खासगी अन्नतपासणी प्रयोगशाळेत उपकरण अभियंता, बोम्मसंद्रा. राहणार: मारतहळ्ळी, बेंगळूरु. मूळ राहणार: ता. चिक्कोडी, जि. बेळगाव.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीत झाले. कन्नड बोलते, पण लिहिताना चुका होतात. म्हणून जबाब मराठीत देत आहे. हवालदार ज्योतिबा निपाणीचे असल्याने त्यांनी तो लिहून घेतला. कन्नड भाषांतर सोबत आहे.

मी आज गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, घडले ते असे:

१. ३ फेब्रुवारी, सकाळी ११.२०. हळदपुडीच्या लॉट ४७ चा नमुना मी तपासला. त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, आढळला.
२. त्याच दिवशी ११.५०. आमचे व्यवस्थापक उपेंद्र यांना निकाल तोंडी आणि ईमेलने कळवला.
३. ९ फेब्रुवारी. त्याच लॉटचा 'भेसळ नाही' असा अहवाल मालाच्या मालकाला गेला. त्यावर माझी डिजिटल सही आहे. ती मी केलेली नाही.
४. १६ फेब्रुवारी, सोमवार. हा चार टन माल ट्रकने विद्यार्थी वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांत जाणार आहे. हे अजून घडलेले नाही.

तपासणी अशी होते. लेझरचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून प्रोबच्या, म्हणजे तपासणीच्या नळीच्या, टोकापर्यंत जातो, पुडीवर पडतो आणि दुसऱ्या फायबरमधून परत येतो. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख निघतो. आलेखात प्रत्येक पदार्थाची उंच टोके ठरावीक आकड्यांवर येतात. लेड क्रोमेटचे टोक ८४० च्या आसपास येते. लॉट ४७ मध्ये ते होते. प्रोब पुसून मी तीनदा पाहिले. तिन्ही वेळा होते.

"हळद पिवळीच असते की," असे हवालदार म्हणाले. म्हणूनच त्यात हा रंग घालतात, असे मी सांगितले. शिसे शिजवल्याने जात नाही, हेही सांगितले.

९ तारखेच्या अहवालाची छापील प्रत सोबत जोडली आहे. त्यातला आलेख लॉट ४७ चा नाही. तो कशाचा आहे, हे मला माहीत आहे. त्यात १७४५ च्या आसपास एक लहान टोक आहे. ते तेलाचे आहे. गेल्या जुलैमध्ये प्रयोगशाळेला तुलनेसाठी शुद्ध हळद हवी होती, तेव्हा मी घरची दहा ग्रॅम दिली. ती माझी आई अनुसूया हिने केलेली होती. गिरणीत धुरळा उडू नये म्हणून ती हळकुंडांना एरंडेलाचा हात लावायची. म्हणजे आमचा शुद्ध नमुना काटेकोर अर्थाने शुद्ध नव्हता. ही नोंद मी तेव्हा वहीत केली नाही. ती माझी चूक आहे.

१० तारखेला सकाळी मी उपेंद्र यांना विचारले. बोलणे कन्नडमध्ये झाले. मराठीत ते असे:

"मॅडम, अहवाल गेला. आता आलेख बघून काय करणार?"

"हा आलेख आपल्या शुद्ध नमुन्याचा आहे."

"शुद्ध हळदी सगळ्या सारख्याच दिसतात."

"यात एरंडेल आहे."

"मग चांगलंच आहे. पोरांची पोटं साफ राहतील."

त्याच दुपारी शुद्ध नमुन्याची बाटली कपाटात नव्हती. ११ तारखेला संगणकावरचे माझे खाते बंद करण्यात आले.

आईच्या त्याच हळदीची बरणी माझ्या खोलीवर होती. आत ३१० ग्रॅम हळद. आई ऑक्टोबरमध्ये वारली. ही तिने केलेली शेवटची हळद. धाकटी बहीण सौम्या हिच्या लग्नासाठी ठेवली होती. तिला हळद लावायचा कार्यक्रम रविवार, २२ फेब्रुवारीला आहे.

आज सकाळी मी त्यातली दोन ग्रॅम पुडीत बांधून आणली. प्रोबखाली धरली की अहवालातलाच आलेख निघेल, आणि त्यासाठी चिमूटभर पुरते.

हवालदार म्हणाले, "ताई, मुद्देमाल असा चिमटीनं घेत नाहीत. उद्या त्यांचा वकील विचारणार, ही कुठल्या बरणीतली? बरणीच आणा, झाकणासकट."

"परत कधी मिळेल?"

"ते कोर्टाला विचारायचं."

त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

खोलीवर जाऊन १२.४० वाजता सौम्याला फोन केला. तिला वरील सर्व सांगितले.

"अक्का, ती पोरं खाणार व्हय ते?"

"हो. सोमवारनंतर."

"मग दे की. मला बाजारची लाव. पण आधी तुझ्या त्या दिव्याखाली धरून बघ, नाहीतर नवरी पिवळीच्या पिवळी राहायची."

फोन ठेवून मी बरणी पिशवीत घातली.

दुपारी ३.१५ वाजता बरणी ठाण्यात जमा केली. वर्णन: काचेची, स्टीलचे झाकण, झाकणावर पांढरी चिकटपट्टी. पट्टीवर निळ्या शाईने 'सौम्या' असे लिहिले आहे. अक्षर माझे नाही. बरणी माझ्यासमोर कापडात बांधून लाखेने सीलबंद केली. पट्टी काढली नाही.

हा मजकूर हवालदार ज्योतिबा यांनी मोठ्याने वाचला. मी ओळीवर बोट ठेवून सोबत वाचला आणि दोन आकडे दुरुस्त करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच आहे.

लॉट ४७ चा ट्रक थांबवला की नाही, हे मला शनिवार, १४ फेब्रुवारी, सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे. बरणीबद्दल कळवण्याची गरज नाही.

सही: पवित्रा यो. मगदूम