हायवेवर आठ सेंटिमीटर

दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेच्या मागच्याच बाकावर सासरे-जावई बसले होते. हायवेवरून जाणाऱ्या मेट्रोचा पूल दोघं दोन टोकांनी बांधत होते, एवढं तिला कळलं होतं.

“मामा, आज मधोमध टोकं भेटली. तुमची बाजू आठ सेंटिमीटर वर आहे.”

“काहीतरीच काय. माझी आठ खाली होती, मार्चमध्येच लक्षात आलं होतं.”

“माझ्याही आलं होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“तुमची चूक मी कुठल्या तोंडाने दाखवू? गुपचूप माझीच बाजू आठने खाली घेतली.”



“जावईबापू, मी माझी आठने वर घेतली हो. तुमच्यासमोर शोभा नको म्हणून.”

“आता तोडायचं म्हटलं तर खालचा हायवे महिनाभर बंद.”

शिक्षिकेचा नंबर दोनदा पुकारला गेला. ती उठली नाही.

“रोज एका टेबलावर जेवतो आपण. एका शब्दाने तरी बोलायचं होतंत.”

“जेवताना कामाचं बोलायचं नाही, हा नियम तुमचाच ना, मामा?”