सात वर्षं बाकड्यावर

त्या आयरिश शॉनला मी भर मैदानात झापला, ते ऐका.

इथं डब्लिनमध्ये, म्हणजे आपल्या ओहायोतल्या, तो पोरांना हर्लिंग शिकवतो. हातात फळीसारखी काठी, लहानसा चेंडू, अन् नुसती पळापळ. गडी त्याच्या देशात जिल्ह्याकडून खेळलेला, घरी मेडल आहे. आमची नात ईशा त्याच्याकडं जाते. तीन मॅच झाल्या, पोरगी बाकड्यावरच! चौथ्या मॅचला मी उठलो.

सून म्हणाली, "बाबा, प्लीज, सीन नको."

"तू फक्त इंग्लिश कर," म्हटलं. "विचार त्याला, माझी नात काय बाकडं राखायला ठेवलीस?"

तिनं काय गोड करून सांगितलं कोण जाणे, शॉन हसला. सगळे म्हणतात म्हणून तोही मला काकाच म्हणतो. "काका, मी सात वर्षं बाकड्यावरच होतो. फायनल जिंकलो, मेडल मिळालं, पण अंगाला माती लागली नाही. बसूनच खेळ कळला."

"मग बसणाऱ्याचं बूड किती दुखतं ते तुला कळायला पाहिजे!"

हे काही सून इंग्लिश करेना. मग मीच बुडावर थाप मारून दाखवलं. शॉन खो खो हसला, अन् ओरडला, "ईशा, हेल्मेट घाल!"

पोरगी गेली. पहिलाच चेंडू आला, हिनं काठी फिरवली, चेंडू गेला निघून अन् ही चिखलात उताणी.

शॉन म्हणाला, "काका, म्हणून बसवली होती."

म्हटलं, "दिसलं. पण तुझ्या सात वर्षांपेक्षा जास्त माती लागली तिला."

हे मात्र सुनेनं जसंच्या तसं सांगितलं. शॉननं पोरीला शेवटपर्यंत बाहेर काढली नाही.